दुखरा गुडघा आणि मुका स्नायू

जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाने उठून उभे राहणे ही क्रिया इतकी नित्याची आहे, की निरोगी माणसाला तीत काही विशेष असेल असे कधी वाटतच नाही. पंगतीतून उठलेला मुलगा हात धुवावयास धावतो; आपल्याला गुडघे आहेत याची त्याला आठवणही नसते. त्याच पंगतीत बसलेली त्याची आजी मात्र आधी एक हात जमिनीवर टेकते, दुसऱ्या हाताने जवळचा खांब किंवा नातवाचा खांदा शोधते, क्षणभर थांबते आणि मग ओठ आवळून उठते. पुढे पुढे ती पंगतीला बसणेच सोडते व खुर्ची मागते. मग देवळाच्या पायऱ्या, मग बाजाराची फेरी, मग माडीवरची खोली, अशी एकेक गोष्ट तिच्या दिनक्रमातून गळत जाते. घरची माणसे म्हणतात, 'वय झाले, चालायचेच.' हे म्हणणे सर्वस्वी खोटे नसले तरी अपुरे आहे. गुडघा झिजतो हे खरे. पण त्या गुडघ्याला सावरून धरणारा मांडीचा स्नायूही त्याच सुमारास मुका होत जातो, आणि तो मुका झाला आहे हे स्वतः त्या आजीलाही कळत नाही. या स्नायूला पुन्हा बोलते करण्यासाठी विजेच्या एका लहानशा यंत्राचा उपयोग कसा करतात, आणि त्या उपयोगाची मर्यादा कोठवर आहे, याची हकीकत पुढे दिली आहे.

'संधिवात' हा शब्द आपण निरनिराळ्या अनेक व्याधींना सरसकट लावतो. येथे विचार करावयाचा आहे तो उतारवयात सांध्याची झीज होऊन उद्भवणाऱ्या विकाराचा. वैद्यकात त्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. मराठीत त्यास अस्थिसंधिवात म्हणता येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगातील सुमारे ५२ कोटी ८० लक्ष माणसांना हा विकार होता आणि त्याचे सर्वांत आवडते ठिकाण गुडघा हे होते. सुमारे ३६ कोटी ५० लक्ष लोकांचे गुडघे त्याने ग्रासलेले होते. भारतात केलेल्या व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तपासलेल्या प्रौढांपैकी २८.७ टक्के लोकांच्या गुडघ्यांत हा विकार आढळला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक असते. स्थूलपणा, पूर्वी कधी झालेली दुखापत आणि वर्षानुवर्षांचे कष्टाचे काम यांचाही त्यास हातभार लागतो.

मांडीचे हाड व नडगीचे हाड जेथे एकमेकांस भेटतात तेथे दोहोंच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो, आणि सांध्याच्या पिशवीत वंगणाचे काम करणारा चिकट द्रव असतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. त्यामुळे ती झिजली तरी तिची स्वतःची अशी वेदना नसते. दुखते ते तिच्याखालचे हाड, सांध्याचे अस्तर आणि भोवतालचे बंध. क्ष-किरणांच्या छायाचित्रात गुडघा पार झिजलेला दिसावा आणि माणूस खुशाल चालत असावा, किंवा उलट छायाचित्र बरे असून माणूस कळवळत असावा, असे प्रकार डॉक्टरांना वरचेवर पाहावयास मिळतात. केवळ हाडांकडे पाहून या दुखण्याचा उलगडा होत नाही, याचे हे एक गमक होय.

हाडांच्या पलीकडे पाहू लागले की पहिल्याने नजरेत भरतो तो मांडीच्या पुढच्या बाजूचा थोराड स्नायू. याला चार शीर्षे असतात म्हणून चतुःशीर्ष स्नायू हे नाव. डॉक्टर मंडळी त्यास क्वाड्रिसेप्स म्हणतात. चारही शीर्षे खाली एकत्र येऊन एक जाड कंडरा बनते, ती गुडघ्याच्या वाटीला कवेत घेते आणि पुढे नडगीच्या हाडाला जाऊन चिकटते. गुडघा सरळ करणे हे या स्नायूचे काम होय. परंतु सरळ करण्यापेक्षाही त्याचे मोठे काम आवरून धरण्याचे आहे. उतारावर गाडीवान कासरा ताणून बैलांना आवरतो, तद्वत जिना उतरताना किंवा खुर्चीत बसताना हा स्नायू गुडघ्याला एकदम वाकू देत नाही. हे काम किती अवजड आहे याची कल्पना बर्लिन येथील संशोधकांच्या मापनांवरून येते. त्यांनी काही रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यांतच भारमापक यंत्रणा बसवली होती. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट, तर जिना उतरताना सुमारे साडेतीनपट भार येतो असे तीतून २०१० साली दिसून आले. ज्या माणसाचे वजन ६० किलो आहे त्याच्या गुडघ्याला प्रत्येक पायरीगणिक दोनशे किलोंहून अधिक भार झेलावा लागतो. स्नायू सावध असेल तर हा भार हळूहळू उतरतो. स्नायू गाफील असेल तर तो आदळतो.

अस्थिसंधिवाताच्या रुग्णांत हा स्नायू दुर्बळ झालेला आढळतो, हे पूर्वीपासून ठाऊक होते. त्याचे कारण उघड आहे असेच सर्वांना वाटे. गुडघा दुखतो म्हणून माणूस चालत नाही, चालत नाही म्हणून स्नायू वाळतो, येथे प्रश्न मिटला. पण १९९७ साली अमेरिकेतील इंडियाना राज्यातील संशोधकांनी जे प्रसिद्ध केले ते या समजुतीशी जुळणारे नव्हते. ज्यांच्या गुडघ्याच्या छायाचित्रात झीज दिसत होती, परंतु ज्यांचा गुडघा दुखत नव्हता आणि ज्यांचा स्नायू वाळलेलाही नव्हता, अशा माणसांतही चतुःशीर्ष स्नायूची शक्ती कमी भरली. दुखणे नाही, आकारही कमी झालेला नाही, आणि तरीही बळ नाही. मग हे बळ गेले कोठे?

या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जातो. पॅरिसचे ख्यातनाम वैद्य शार्को यांच्या लक्षात आले होते, की सांध्याला इजा झाली असता त्याभोवतालचे स्नायू अपेक्षेपेक्षा फार लवकर क्षीण होतात. केवळ पडून राहिल्याने इतक्या त्वरेने असे होणार नाही. सांध्याकडून मेरुरज्जूकडे काही निरोप जात असावा आणि तेथून स्नायूला आवरण्याची आज्ञा सुटत असावी, असा तर्क तेव्हापासून पुढे आला. त्याची प्रत्यक्ष परीक्षा विसाव्या शतकात झाली. गुडघ्याच्या पिशवीत बाहेरून द्रव भरला असता मांडीच्या स्नायूचे आकुंचन मंदावते असे १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. १९८४ सालचा एक प्रयोग त्याहून नेमका आहे. निरोगी माणसांच्या गुडघ्यांत मिठाचे निर्जंतुक पाणी थोडे थोडे सोडत गेले असता, अवघे २० ते ३० मिलिलिटर पाणी आत जाताच चतुःशीर्षाचे आतल्या बाजूचे शीर्ष मंदावू लागले. इतर शीर्षांना मंदावण्यास ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागले. २० मिलिलिटर म्हणजे चहाचे जेमतेम चार चमचे. प्रयोगातील माणसांचे गुडघे धडधाकट होते. तरीही सांध्यातील ताण ओळखणाऱ्या मज्जातंतूंनी मेरुरज्जूला वर्दी दिली आणि मेरुरज्जूने, मेंदूला न विचारताच, स्नायूचा लगाम खेचला.

याला वैद्यकात सांधाजन्य स्नायुनिरोध म्हणता येईल असे नाव आहे. आरंभी ही निसर्गाची शहाणी योजना असावी. दुखावलेल्या सांध्यावर स्नायूने जोर करू नये हे हिताचेच आहे. पण अस्थिसंधिवात हा दोन दिवसांत बरा होणारा मुरगळा नव्हे. येथे निरोध महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे चालू राहतो. स्नायू मंदावतो म्हणून गुडघ्यावर भार आदळतो. भार आदळतो म्हणून सांधा चिडतो, सुजतो. सुजतो म्हणून स्नायू आणखी मंदावतो. रहाटाच्या माळेप्रमाणे हे फिरतच राहते. आणि यात सर्वांत घातक गोष्ट ही, की हा सारा कारभार इच्छेच्या उंबरठ्याखाली चालतो. रुग्ण आपला सारा जोर लावतो आहे असे त्याला प्रामाणिकपणे वाटत असते, आणि तरीही स्नायूचा काही हिस्सा झोपलेलाच राहतो.

हे नुसते अनुमान नाही. लंडनचे शरीरक्रियाविज्ञ मर्टन यांनी १९५४ साली एक साधी युक्ती योजून दाखविली. माणसाला स्नायू शक्य तितका आवळावयास सांगावे, आणि तो तसा आवळलेला असतानाच त्याच्या मज्जातंतूला बाहेरून विजेचा एक लहानसा झटका द्यावा. स्नायू पूर्णपणे कामाला लागला असेल तर झटक्याने काहीच अधिक घडत नाही. काही हिस्सा बाकी असेल तर मात्र तो उसळतो, आणि बळाच्या आलेखावर एक छोटासा उंचवटा उमटतो. हीच युक्ती अस्थिसंधिवाताच्या रुग्णांच्या चतुःशीर्षावर करून पाहता उंचवटा उमटला. एकच गुडघा बिघडलेल्या रुग्णांत दुखऱ्या पायाचा निरोध चांगल्या पायापेक्षा अधिक असल्याचे १९९३ साली लंडनमधूनच प्रसिद्ध झाले. 'जोर लावा हो, आणखी जोर लावा' असे ओरडून ज्या रुग्णाला दोष दिला जातो, तो बिचारा आळशी नसतो. त्याच्या हुकमाची चिठ्ठी वाटेतच अडवली जात असते.

आता अशा स्नायूला व्यायाम द्यावयाचा तो कसा? व्यायाम हा या विकारावरील उपचाराचा मुख्य आधार आहे याविषयी जगभरातील वैद्यकसंस्थांत एकमत आहे. पण कोणतीही कला शिकताना जे लागते ते येथे नाही. धुळाक्षरे गिरवणाऱ्या मुलाला आपण काढलेला 'अ' पाटीवर दिसतो. तो वाकडा आला की ते पुसून पुन्हा काढते. डोळे बांधून त्याच मुलाला अक्षर गिरवावयास लावले आणि पाटीही काढून घेतली, तर ते वर्षभर हात फिरवील आणि काहीही शिकणार नाही. केलेल्या कृतीचा परिणाम कर्त्याकडे परत येणे आणि त्यावरून पुढची कृती सुधारणे, यालाच विज्ञानात प्रत्याभरण म्हणतात. नॉर्बर्ट वीनर या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली आपल्या सायबरनेटिक्स या ग्रंथात यंत्रे व प्राणी या दोहोंच्या नियमनाचा विचार या एकाच कल्पनेच्या सूत्रात गुंफला. झोपलेल्या स्नायूच्या बाबतीत हे प्रत्याभरण तुटलेले असते. आतून काही नीट जाणवत नाही. बाहेरून काही दिसत नाही. ते बाहेरून जोडून देणे, म्हणजेच जैव प्रत्याभरण किंवा बायोफीडबॅक. हा शब्द १९६९ साली अमेरिकेत रूढ झाला. पण त्यामागची सामग्री पुष्कळ जुनी आहे.

बोलोन्या येथील गॅल्व्हानी यांनी बेडकाचा स्नायू विजेने उडतो हे १७९१ साली प्रसिद्ध केले, ही कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याची उलट बाजू, म्हणजे माणसाने आपणहून स्नायू आवळला असता त्यातून वीज निघते ही गोष्ट, दाखविण्यास आणखी अर्धे शतक जावे लागले. बर्लिनच्या एमिल दु ब्वा-रेमों यांनी १८४९ साली ते केले. दोन्ही हातांची बोटे मिठाच्या पाण्यात बुडवून, ते पाणी तारेच्या हजारो वेढ्यांच्या विद्युन्मापकाला जोडून, त्यांनी एका हाताचा स्नायू आवळला. सुई किंचित हलली. त्वचेचा अडथळा फार होतो असे दिसताच त्यांनी तिच्यावर फोड आणविला, वरची कातडी काढून टाकली आणि पुन्हा प्रयोग केला; सुई पूर्वीपेक्षा किती तरी अधिक सरकली. आज स्पिरिटाच्या बोळ्याने त्वचा पुसून जे साधले जाते, त्यासाठी त्या गृहस्थाने आपली कातडी सोलून घेतली होती, हे विसरण्यासारखे नाही.

१९२९ साली एड्रियन आणि ब्रॉन्क या दोघांनी सुईच्या पोकळीत बारीक तार बसवून स्नायूच्या अंतर्भागातील वीज टिपली आणि ती ध्वनिवर्धकातून ऐकविली. स्नायू आवळला की कर्ण्यातून टकटक, कडकड असा आवाज येई. आवळ वाढली की तो दाट होई. हा आवाज ज्याचा स्नायू त्यालाच ऐकवून त्याला शिकवावे, हे १९६० साली मरिनाची आणि होरांडे या दोघांनी अमेरिकेत लिहून प्रसिद्ध केले. तीनच वर्षांनी कॅनडातील शरीररचनाशास्त्रज्ञ जॉन बॅस्माजियन यांचे त्याहून थक्क करणारे निवेदन आले. एका मज्जापेशीच्या हुकमतीखाली स्नायूचे जे तंतू असतात त्या समूहाला प्रेरक एकक म्हणतात. असे एकटे एकक आपल्या इच्छेने चालवता येईल असे कोणी मानीत नव्हते. बॅस्माजियन यांनी अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या स्नायूत अतिशय बारीक तारा बसवल्या, आवाज ऐकविला, पडद्यावर रेषा दाखविली. आणि थोड्याच वेळात त्या माणसांना बाकी सारी एकके गप्प ठेवून एकाच एककाला चालू-बंद करता येऊ लागले. काहींनी तर त्या एककाकडून ढोलाचे निरनिराळे ठेके वाजवून घेतले. कान आणि डोळे यांचा आधार मिळताच इच्छाशक्तीचा हात किती खोलवर पोचतो, याचे इतके नेटके प्रात्यक्षिक विरळा.

आजचे यंत्र हाताच्या पंजात मावते. त्याला तारांच्या टोकाशी चिकटपट्ट्या असतात. त्यांना इलेक्ट्रोड म्हणतात. दोन पट्ट्या स्नायूच्या तंतूंच्या दिशेने जवळ जवळ लावतात आणि तिसरी थोडी दूर लावतात. पहिल्या दोहोंमधील विद्युत्‌दाबाचा फरक मोजला जातो, म्हणजे घरातील वीजतारांपासून येणारा उपद्रव, जो दोन्ही पट्ट्यांवर सारखाच असतो, तो वजा होऊन जातो. उरते ती स्नायूची वीज. ती व्होल्टच्या दशलक्षांशांत, म्हणजे मायक्रोव्होल्टमध्ये मोजावी लागते. यंत्र ती हजारो पटींनी वाढवते, तिचे चढउतार एकवटून सरासरी काढते, आणि दिव्यांच्या चढत्या ओळीने, आकड्याने किंवा आवाजाने रुग्णापुढे मांडते. येथे एका गैरसमजाचे निरसन आवश्यक आहे. हे यंत्र शरीरात वीज सोडत नाही. विजेचे झटके देऊन स्नायू आवळविणारे यंत्र निराळे; तेही भौतिकोपचाराच्या दवाखान्यात असते आणि दिसावयासही सारखेच असते. पण ते स्नायूशी बोलते, आणि हे स्नायूचे ऐकते.

पहिल्या दिवशी काय घडते ते पाहण्यासारखे असते. रुग्ण, साठी उलटलेली एखादी स्त्री, पलंगावर पाय पसरून बसते. दुखऱ्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी असते. गुडघ्याच्या वर, किंचित आतल्या बाजूस, जेथे चतुःशीर्षाचे आतले शीर्ष फुगीर दिसते, तेथे पट्ट्या चिकटवलेल्या असतात. विसाव्याच्या स्थितीत आकडा अगदी खाली असतो. भौतिकोपचारतज्ज्ञ सांगतो, 'गुडघा खाली दाबा.' ती दाबते. तिचा चेहरा लाल होतो, श्वास कोंडला जातो, कंबर उचलली जाते, नितंब आवळतात, मूठही आवळली जाते. आणि यंत्राचा आकडा जेथल्या तेथे. सारे शरीर कामाला लागले आहे. ज्याला बोलावले होते तो तेवढा आलेला नाही. यंत्र नसते तर या प्रयत्नाला 'छान' म्हणून शाबासकी मिळाली असती.

मग तज्ज्ञ तिला चांगल्या पायाने हीच क्रिया करावयास सांगतो. तेथे आवाज चटकन उमटतो. 'हा आवाज ओळखून ठेवा. आता तो इकडे काढावयाचा.' श्वास चालू ठेवा, जोर कमी करा, पाऊल आपल्याकडे ओढा, गुडघ्याची वाटी मांडीकडे सरकते आहे अशी कल्पना करा, असे निरनिराळे उपाय करून पाहावे लागतात. त्यांतला कोणता कोणाला लागू पडेल ते आधी सांगता येत नाही. आठव्या किंवा दहाव्या खेपेला केव्हातरी यंत्र एकदम चिवचिवते, आणि रुग्ण दचकून स्वतःच्या मांडीकडे पाहते. जे तिने आता केले ते काय होते, हे तिला शब्दांत सांगता येत नाही. पण ते पुन्हा करता येते, आणि शिकणे याचा अर्थ तरी दुसरा काय?

यानंतरचे काम चिकाटीचे आहे. यंत्रात एक उंबरठा ठरवून ठेवता येतो. आकडा त्याच्या वर गेला तरच आवाज होतो. आरंभी तो रुग्णाला जेमतेम गाठता येईल इतका ठेवतात. पाच ते दहा सेकंद आकुंचन टिकवावयाचे, तितकाच किंवा अधिक विसावा घ्यावयाचा, असे काही वेळा करावयाचे. उंबरठा सहज ओलांडला जाऊ लागला की तो थोडा वर सरकवितात. पुढे पाय सरळ ठेवून उचलणे, गुडघ्याची शेवटची थोडी वाक सरळ करणे, खुर्चीतून उठणे, पायरी चढणे, या क्रियांतही पट्ट्या तशाच ठेवून स्नायू जागा आहे की नाही हे पाहतात. श्वास कोंडू न देण्यावर विशेष लक्ष ठेवावे लागते. रक्तदाब असलेल्या रुग्णाला तो कोंडणे अपायकारक ठरू शकते. काही यंत्रांत दोन स्नायूंचे आकडे एकदम पाहण्याची सोय असते. तिचा उपयोग मांडीच्या मागच्या बाजूचे स्नायू सैल सोडावयास शिकविण्यासाठी होतो, कारण या रुग्णांत पुढचे व मागचे स्नायू एकाच वेळी आवळून गुडघा ताठ धरण्याची खोड पुष्कळदा आढळते; त्यामुळे सांध्यावरील दाब उगीच वाढतो.

इतके वाचून कोणाला असे वाटेल, की मग प्रत्येक रुग्णाच्या हाती हे यंत्र द्यावे. पुरावा तसे म्हणत नाही. भारतातील ३३ रुग्णांवर केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन गट होते. दोन्ही गटांनी तीन आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, सारखाच व्यायाम केला, मात्र एका गटाला यंत्राची जोड होती. अखेरीस त्या गटाच्या चतुःशीर्षाचे बळ दुसऱ्यापेक्षा अधिक भरले. परंतु तुर्कस्तानातून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्यायाम करणारे दोन्ही गट सुधारले, आणि यंत्राच्या जोडीने निराळा असा लाभ दिसून आला नाही. दोन्ही चाचण्या लहान होत्या. शिवाय व्यायामाची स्वतःची मातब्बरीही बेताचीच आहे. शंभराहून अधिक चाचण्यांचा आढावा घेऊन २०२४ साली जो निष्कर्ष निघाला, तो असा की व्यायामाने वेदना कमी होतात व हालचाल सुधारते, पण ही सुधारणा माफक असते. जास्त वजने उचलून ती वाढवता येईल ही आशाही फोल ठरली आहे. अमेरिकेत ३७७ रुग्णांवर झालेल्या व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, भारी वजनांचा व्यायाम करणाऱ्यांच्या वेदना हलक्या व्यायामाच्या गटापेक्षा कमी झाल्या नाहीत.

मग यंत्राचे स्थान कोणते? ज्या रुग्णाचा स्नायू सांगताच जागा होतो, त्याला यंत्राचे काही काम नाही. त्याने नेमाने व्यायाम करावा. ज्याचा स्नायू कितीही सांगितले तरी उठत नाही, त्याच्यासाठी ते आहे. चाचण्यांत हे दोन्ही प्रकारचे रुग्ण एकाच पारड्यात घातले गेले, तर सरासरीत लाभ पुसला जाणे स्वाभाविक आहे. यंत्राच्या आकड्यांनाही मर्यादा आहेत. ते विजेचे माप आहे, बळाचे नव्हे. कातडीखाली चरबीचा थर जाड असेल, पट्टी बोटभर इकडेतिकडे लागली असेल, घाम आला असेल, तर आकडा बदलतो. शेजारणीचा आकडा दीडशे आणि माझा ऐंशीच, अशी तुलना दवाखान्याच्या बाकावर नेहमी चालते. तिला काही अर्थ नाही. किंबहुना, कालच्या स्वतःच्याच आकड्याशी तुलना करतानाही पट्टीची जागा तंतोतंत तीच होती ना हे पाहावे लागते.

यंत्र महाग आहे आणि ते सर्वत्र नसते. पण प्रत्याभरणाचे तत्त्व त्याच यंत्रात कोंडलेले नाही. रक्तदाब मोजण्याच्या उपकरणाची रबरी पिशवी घडी करून गुडघ्याखाली ठेवावी, तीत थोडी हवा भरावी, आणि रुग्णाने गुडघा खाली दाबताना काटा किती सरकतो ते स्वतः पाहावे. ही युक्ती भौतिकोपचारतज्ज्ञ पुष्कळ ठिकाणी वापरतात. दाबण्याचे काम स्नायूऐवजी कंबर करीत असेल तर काटा तरीही सरकतो, हा तिचा दोष. म्हणून दुसऱ्या हाताची बोटे मांडीवर ठेवून स्नायू टणक होतो की नाही हे चाचपावे लागते. घरगुती वजनकाटे दोन शेजारी शेजारी ठेवून एकेका पायाखाली एकेक घ्यावा, हाही असाच एक उपाय. ४० किलो एका पायावर आणि २० किलो दुखऱ्या पायावर, असे आकडे समोर दिसले की 'मी तर दोन्ही पायांवर सारखी उभी राहते' हे म्हणणे आपोआप मावळते. अर्थात गुडघा तापलेला, लाल आणि टरारून सुजलेला असेल, किंवा वाकवताना मध्येच अडकत असेल, तर यांपैकी काहीही करण्याआधी डॉक्टरांना दाखवणे अगत्याचे आहे.

यंत्राविषयी सर्वांत महत्त्वाची सावधगिरी मात्र निराळीच आहे. आवाजाची सवय लागते. रुग्ण यंत्रासाठी स्नायू आवळू लागतो. यंत्र काढले की स्नायू पुन्हा गप्प. पांगुळगाडा मुलाला चालावयास शिकवतो हे खरे, पण तो वेळेवर काढून घेतला नाही तर मूल त्याच्याच आधाराने चालत राहते. म्हणून जाणते भौतिकोपचारतज्ज्ञ पहिल्या काही बैठकांनंतर यंत्राचे तोंड रुग्णाकडून आपल्याकडे फिरवतात. रुग्णाने स्नायू आवळावयाचा आणि उंबरठा ओलांडला की नाही हे स्वतः सांगावयाचे. मगच आकडा दाखवावयाचा. आधी प्रत्येक खेपेला, मग चारातून एकदा, मग दिवसाअखेरीस एकदाच. रुग्णाचे उत्तर आणि यंत्राचे उत्तर जुळू लागले, म्हणजे बाहेरचे प्रत्याभरण आत गेले असे समजतात आणि पट्ट्या काढून ठेवतात. त्यानंतरचे मोजमाप साधे असते. हात छातीशी घडी करून, साध्या खुर्चीतून अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उठून बसता येते ते मोजावयाचे आणि आकडा वहीत टिपून ठेवावयाचा. दर पंधरवड्याला हे पुन्हा करावयाचे असते. त्यासाठी सेकंद-काट्याचे घड्याळ पुरते, आणि मोजण्याचे काम नातवालाही करता येते.